मनोहर जोशी : महापौरांच्या खुर्चीपासून लोकसभाध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत

परळकर

मनोहर जोशींवर लिहायला बसलं की सगळे मुख्यमंत्रीपदापासून सुरुवात करतात. शिवसेनेचे पहिले मुख्यमंत्री, रिमोट कंट्रोल, झुणका-भाकर, उड्डाणपूल, राजीनामा. फेब्रुवारी २०२४मध्ये ते गेले तेव्हा हेच वाचलं, २०२५मध्ये मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाल्यावरही हेच. १९७६-७७चं मुंबईचं महापौरपद सगळ्यांनी एका ओळीत उरकलं. मला मात्र वाटतं की जोशी सरांची सगळी कारकीर्द त्या एका ओळीतून उलगडते. म्हणून हा धागा.

आधी हे बघू की मुंबईचा महापौर करतो तरी काय. शहर चालवतो आयुक्त, आणि त्याला नेमतं राज्य सरकार. ब्रिटिशांनी १८८८च्या कायद्यात कारभाराची सूत्रं आयुक्ताच्या हाती दिली, ती आजही तिथंच आहेत. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. महापौराकडे उरतं सभागृह. कुणाला बोलू द्यायचं, कुणाला खाली बसवायचं, हरकतीचा मुद्दा मान्य करायचा की फेटाळायचा, गोंधळ वाढला की सभा कधी तहकूब करायची, समसमान मतं पडली तर आपलं मत कुठं टाकायचं. बाकी वेळ पाहुण्यांचं स्वागत, उद्घाटनं, हार-तुरे. त्याला प्रथम नागरिक म्हणतात, पण तो शहराचा मुख्यमंत्री नसतो, शहराचा सभापती असतो. (१९३१ पर्यंत या पदाचं नावही 'अध्यक्ष' होतं. फिरोजशहा मेहता याच खुर्चीत बसून गाजले. महापौर म्हणवून घेणारे पहिले बोमन बेहराम.)

आता जोशी सर. रायगडमधलं नांदवी गाव, घरी गरिबी, माधुकरी मागून शिक्षण, मग एम.ए., एल.एल.बी. काही काळ मुंबई महापालिकेतच नोकरी. १९६१मध्ये कोहिनूर क्लासेस काढले आणि 'सर' झाले ते कायमचे. १९६८च्या पालिका निवडणुकीत शिवसेनेने १४० पैकी ४२ जागा जिंकून सगळ्यांना चकित केलं. त्यात सरही नगरसेवक म्हणून आत गेले. १९७२मध्ये विधान परिषद, १९७६मध्ये महापौर. म्हणजे महापौर झाले तेव्हा ते आमदारही होते आणि देशात आणीबाणी होती. शिवसेनेने आणीबाणीला पाठिंबा दिलेला. गावोगावचे समाजवादी, जनसंघवाले तुरुंगात असताना सर शहराच्या पहिल्या खुर्चीत बसले होते. हे त्यांच्या कौतुकाच्या लेखांतून हमखास गळतं.

माझा मुद्दा असा. खुर्ची आपली, अधिकार दुसऱ्याचा, तरी चेहऱ्यावर आठी नाही आणि सभा सुरळीत चालू : ही सवय त्यांना तिथं लागली. १९९५मध्ये बाळासाहेबांनी सरकारचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचं जाहीर सांगितलं, तेव्हा दुसरा कुणी असता तर अवघडला असता. सर अवघडले नाहीत. आयुक्ताच्या जागी मातोश्री, एवढाच फरक. आणि त्यांचा सगळ्यात शोभलेला काळ कोणता म्हणाल तर मंत्रालयातला नाही. मे २००२ ते जून २००४, लोकसभेचं अध्यक्षपद. महापौराचंच काम, फक्त सभागृह मोठं.

तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

परळकर, सिद्धांत ऐकायला छान आहे, पण गाडी घोड्याच्या पुढं जुंपली आहे. महापौरपदाने माणूस घडला असं नाही. असा माणूस होता म्हणून त्याला महापौर केलं. पुढं मुख्यमंत्रीही त्याच कारणाने केलं. १९९५मध्ये शिवसेनेचे ७३ आमदार आणि भाजपचे ६५, बाळासाहेबांना हवा तो मुख्यमंत्री निवडता आला असता. निवडला कोण, तर जो भाजपलाही चालेल, उद्योगपतींनाही चालेल आणि मातोश्रीला कधी 'नाही' म्हणणार नाही. यात १९७६ कुठं आलं?

आणि खुर्चीचाच प्रताप असेल तर तीच खुर्ची सुधीर जोशींना सरांच्या आधी मिळाली होती, १९७३मध्ये. ते का नाही झाले?

शिवाजी पार्कचा म्हातारा

तिरकसराव, तुम्ही आमच्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

सुधीरभाऊ हे सरांचे भाचे. मामा-भाचे दोघंही मुंबईचे महापौर, त्यातही भाचा आधी. पण दोघांचा पिंड वेगळा. सर क्लासवाले, हिशेबी, शब्द मोजून बोलणारे. सुधीरभाऊंनी स्थानीय लोकाधिकार समितीची बांधणी केली. बँका, विमा कंपन्या, एअर इंडिया, पंचतारांकित हॉटेलं, सगळीकडे मराठी पोरांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून ऑफिसा-ऑफिसांत फिरणारा माणूस. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत पहिला बँकेचा पगार आला तो त्या आंदोलनामुळे. १९९५मध्ये दादर-गिरगावातल्या प्रत्येक नाक्यावर एकच चर्चा होती, भाऊ की सर? नाव सरांचं जाहीर झालं. भाऊ महसूलमंत्री झाले, पुढं शिक्षणमंत्री. त्यांनी जाहीर कुरकुर केली नाही. २०२२मध्ये गेले तेव्हाही माणसं हळहळली ती याच एका गोष्टीसाठी.

आणि तिसरा महापौर विसरू नका. छगन भुजबळ. भायखळ्याच्या बाजारात भाजी विकणारं पोर, १९७३मध्ये नगरसेवक, १९८५मध्ये शिवसेनेने पालिका जिंकली तेव्हा महापौर, १९९०मध्ये परत महापौर. १९८५च्या विधानसभेत शिवसेनेचा एकुलता एक आमदार हाच. बेळगावच्या आंदोलनात वेषांतर करून कर्नाटकात घुसला. असा माणूस खुर्चीत शांत बसणार होय?

१९९०मध्ये विधानसभेत शिवसेनेचे ५२ आले. विरोधी पक्षनेतेपद मिळालं सरांना. भुजबळांच्या मनात ते सलत राहिलं, वर मंडल आयोगाचा, म्हणजे ओबीसी आरक्षणाचा, प्रश्न होताच. डिसेंबर १९९१मध्ये नागपूर अधिवेशनात आमदार घेऊन बाहेर पडले. गंमत बघा, त्या फुटीमुळे शिवसेनेचं संख्याबळ घटलं आणि सरांचं विरोधी पक्षनेतेपदही गेलं. ते गोपीनाथ मुंड्यांकडे गेलं. एका महापौराने दुसऱ्या महापौराची खुर्ची अशी ओढली.

एकाच पक्षाचे, एकाच शहराचे तीन महापौर. एक मुख्यमंत्री झाला. एक मुख्यमंत्री होता होता राहिला. एक पक्ष सोडून उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाला, आणि जुलै २०००मध्ये त्याच्याच खात्याच्या पोलिसांनी बाळासाहेबांना अटक केली. (न्यायालयाने त्याच दिवशी प्रकरण निकाली काढलं, ही वेगळी गोष्ट.) खुर्ची तिघांनाही तीच मिळाली होती. परळकर, तुमच्या सिद्धांतात हे कसं बसवता?

वकीलबाई

कायद्याच्या अंगाने दोन-तीन गोष्टी, कारण वर थोडं सुलभीकरण झालंय.

एक, महापौर अगदीच शोभेचा असतो असं नाही. सभागृहाची विषयपत्रिका, तातडीचं कामकाज, चर्चेला वेळ किती, यावर त्याचा ताबा असतो. आयुक्ताचा प्रस्ताव सभागृहात रखडवणं ही एक ताकदच आहे. पण ही नकाराधिकारासारखी ताकद आहे. काही उभं करण्याची नाही. महापौराच्या कारकिर्दीकडे बोट दाखवून 'हा पूल यांनी बांधला' असं म्हणताच येत नाही. म्हणून महापौरपदावरून राजकारणात वर जाणाऱ्या माणसाकडे दाखवायला काम नसतं, ओळखी असतात. त्यात पूर्वी मुदत होती एक वर्षाची. आता अडीच वर्षं आहे, तरीही आरक्षणाची सोडत फिरती असल्यामुळे त्याच माणसाला पुन्हा संधी मिळणं अवघडच.

दोन, सरांच्या नावावर देशभरच्या निवडणूक कायद्यात एक निकाल आहे, तो कुणी काढलाच नाही. १९९०मध्ये ते दादरमधून निवडून आले. प्रचारसभेत त्यांनी म्हटलं होतं की पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. डिसेंबर १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला : ही फार तर आशा व्यक्त करणं आहे, त्यावरून धर्माच्या नावावर मत मागितलं असं होत नाही. तोवर सर मुख्यमंत्री होऊन नऊ महिने झाले होते. हिंदुत्वाचे खटले म्हणून जे निकाल शिकवले जातात, त्यांतला हा एक.

तीन, आणि हे मला सगळ्यात रंजक वाटतं. १९९८मध्ये राज्यात महापौर परिषद, म्हणजे मेयर-इन-कौन्सिल, आणली गेली. मुंबई आणि नागपूर या दोन शहरांत. महापौर आणि त्याच्या परिषदेकडे कार्यकारी अधिकार देण्याचा प्रयोग. तेव्हा मुख्यमंत्री कोण होते?

परळकर

@वकीलबाई, मनोहर जोशी! हे माझ्या डोक्यात जोडलंच गेलं नव्हतं. माजी महापौर मुख्यमंत्री झाला आणि त्याने महापौराला अधिकार द्यायचं मनावर घेतलं. म्हणजे १९७६मध्ये ती रिकामी खुर्ची त्यांना कुठंतरी टोचली असणारच.

तिरकस

किंवा मुंबई पालिका शिवसेनेच्या हातात होती आणि आयुक्ताची आडकाठी नको होती. टोचणी वगैरे काही नाही, सरळ हिशोब.

नागपुरी संत्रं

नागपूरचं नाव निघालं म्हणून बोलतो, नाहीतर मुंबईकरांच्या धाग्यावर आम्ही गुमान वाचत असतो.

१९९७मध्ये नागपूरचे महापौर झाले देवेंद्र फडणवीस. वय २७. नगरसेवक झाले होते १९९२मध्ये. मग महापौर परिषद आली तेव्हा इथं खुर्चीत तेच. म्हणजे मनोहर जोशींच्या सरकारने जो प्रयोग केला त्याचा लाभार्थी पुढचा मुख्यमंत्री. १९९९मध्ये आमदार, २०१४मध्ये मुख्यमंत्री. मुंबईच्या तिन्ही महापौरांपेक्षा आमच्या महापौराला वेगळं काय मिळालं? परळकरांच्या भाषेत सांगायचं तर, सभागृह चालवण्याबरोबर फायली हलवायचाही सराव मिळाला. तोही पंचविशी नुकती ओलांडल्यावर.

आता नंतरच्या राजकारणात शिरत नाही, त्यासाठी इथं दुसरे धागे पडलेत आणि तिथं भांडायला मंडळीही पुष्कळ आहेत.

तिरकस

पण तो प्रयोग टिकला किती? वर्षभरात गुंडाळला. १९९९मध्ये परत आयुक्तांचं राज्य. तेवढ्यात कसला सराव होतो?

वकीलबाई

गुंडाळला हे खरं. एका पक्षाचे लोक परिषदेत, बाकीचे नगरसेवक बाहेर. स्थायी समितीत निदान सगळ्या पक्षांना जागा मिळते, वाटा मिळतो. (वाटा या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने लावावा.) इथं विरोधकांना काहीच उरलं नाही, आणि सत्ताधाऱ्यांतलेही जे परिषदेत नव्हते ते नाराज. प्रशासनाला तर तो नकोच होता. कोलकात्यात हीच पद्धत १९८०च्या कायद्याने आली आणि रुजली. तिथं महापौर हा खरोखर कारभारी असतो, इतका की सोव्हन चटर्जी आणि फिरहाद हकीम राज्यात मंत्री असतानाच महापौरही होते. आपल्याकडे कुठलंच राज्य सरकार मुंबईवरचा हात सोडायला तयार नसतं, मग ते कुणाचंही असो.

लंडनस्थ

इथं दोन मेयर आहेत म्हणून गोंधळ होतो. एक जुन्या सिटीचा लॉर्ड मेयर, दरवर्षी बदलणारा, झगा आणि मिरवणूक. दुसरा सगळ्या लंडनचा, २००० सालापासून थेट लोकांनी निवडलेला. वाहतूक त्याच्या हाती, तिकिटांचे दर तो ठरवतो, लोक त्याला शिव्याही त्यासाठीच देतात. त्यातला एक, बोरिस जॉन्सन, पुढं पंतप्रधान झाला. मुंबईचा महापौर पहिल्या जातीचा आणि आपण त्याच्याकडून अपेक्षा करतो दुसऱ्याच्या. पाणी तुंबलं की चॅनलवाले माइक घेऊन महापौरांकडे धावतात, तेव्हा मला आयुक्तांचा हेवा वाटतो.

गिरणगावची लेक

वाचतेय. भुजबळांबद्दल एक. म्हातारे काका म्हणाले तसं तो माणूस खुर्चीत शांत बसणारा नव्हता, आणि तरी महापौर म्हणून गाजला तोच. 'सुंदर मुंबई, मराठी मुंबई' ही घोषणा अजून आमच्या चाळीतल्या लोकांना आठवते. मनोहर जोशींचं महापौरपद आठवणारा मला एकही भेटलेला नाही. परळकर, ज्या वर्षाने कुणाच्या आठवणीत काही ठेवलं नाही, त्या वर्षावर एवढी मोठी इमारत?

परळकर

प्रश्न रास्त आहे. पण कुणाला आठवत नाही हेच तर माझं म्हणणं. चांगला सभापती आठवत नाही, भांडण झालं की आठवतो. भुजबळ त्या खुर्चीत बसूनही रस्त्यावरचे नेते राहिले, म्हणून आठवतात.

म्हाताऱ्या काकांच्या प्रश्नाकडे येतो : तीन महापौर, तीन नशिबं. खुर्ची सगळ्यांना सारखं शिकवत नाही, हे मान्य. भुजबळांना खुर्ची अपुरी पडली. सुधीरभाऊंचं मन पालिकेबाहेर, ऑफिसांच्या दारांशी होतं. सरांना मात्र ती खुर्ची मापाची होती. तिरकस म्हणतात असाच माणूस होता म्हणून निवडला. असेल. पण असा माणूस क्लासमध्ये 'सर' म्हणून राहू शकला असता. सभागृह हाताळायची कला वर्गात येत नाही.

लोकसभेची दोन वर्षं बघा. आधीचे लोकसभाध्यक्ष बालयोगी हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि मे २००२मध्ये सर अध्यक्ष झाले. गुजरातची दंगल ताजी, संसद रोज तापलेली. फेब्रुवारी २००३मध्ये सेंट्रल हॉलमध्ये सावरकरांचं तैलचित्र लागलं, विरोधकांनी बहिष्कार टाकला. एप्रिलमध्ये संसदेच्या आवारात शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. ऑगस्टमध्ये सोनिया गांधींचा अविश्वास ठराव. शिवसेनेचा माणूस अध्यक्षपदी म्हटल्यावर विरोधकांनी धसका घ्यायला हवा होता. तो घेतला नाही. डाव्यांपासून काँग्रेसपर्यंत सगळ्यांशी त्यांचं जमलं. हिंदी बेताची, इंग्रजी क्लासवाली, तरी जमलं.

तिरकस

जमलं आणि २००४मध्ये दादरच्या मतदारांनी घरी बसवलं. एकनाथ गायकवाडांनी हरवलं. विद्यमान लोकसभाध्यक्षाला! त्यामुळे 'सगळ्यांशी जमतं' हा गुण मतपेटीत चालत नाही, हेही लिहा.

आणि मुख्यमंत्रीपद गेलं कशावरून, ते तुम्ही मूळ लेखात एका शब्दात 'राजीनामा' म्हणून मोकळे झालात. पुण्यातला शाळेसाठी राखीव भूखंड मोकळा झाला, त्यावर जावयाची इमारत उभी राहिली. जानेवारी १९९९मध्ये पद गेलं, नारायण राणे आले, आणि उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात सरकारवर कोरडे ओढले ते त्यानंतर. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातात अधिकार होता म्हणता, मग ही सही कुणाची?

शिवाजी पार्कचा म्हातारा

हा घाव बरोबर बसला.

मी सरांचा चाहता नाही आणि शत्रूही नाही. १९९५चा शपथविधी शिवाजी पार्कवर झाला, मी गर्दीत होतो. २०१३चा दसरा मेळावाही त्याच मैदानावर. सर व्यासपीठावर आले आणि खालून घोषणाबाजी सुरू झाली, त्यांच्याच पक्षाच्या पोरांची. थोड्याच दिवसांपूर्वी ते नेतृत्वाबद्दल काहीतरी बोलले होते, त्याचा राग. सर उठून निघून गेले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस. मला त्या दिवशी पोरांची लाज वाटली, हेही सांगतो.

परळकर, तुमच्या सभापतीसाठी त्या सभेत कुणी शांतता राखायला लावली नाही.

नागपुरी संत्रं

काका, दंडवत.

गिरणगावची लेक

एक राहिलं. सरांनंतर १९७७मध्ये महापौर झाले मुरली देवरा. काँग्रेसचे, आणि शिवसेनेच्या पाठिंब्याने. तेही पुढं दक्षिण मुंबईचे खासदार, केंद्रात पेट्रोलियम मंत्री. म्हणजे लागोपाठच्या दोन महापौरांपैकी एक लोकसभेचा अध्यक्ष आणि एक केंद्रीय मंत्री. आजच्या नगरसेवकांपैकी कुणाबद्दल अशी कल्पना तरी करता येते का?

लंडनस्थ

मधली काही वर्षं तर नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२मध्ये पालिकेची मुदत संपली, महापौर किशोरी पेडणेकरांनंतर सगळा कारभार प्रशासकाकडे गेला, आणि किती काळ राहिला ते बघा. शहराला कितीतरी दिवस प्रथम नागरिकच नव्हता, आणि कुणाचं काही अडलं नाही. यावर वकीलबाई काय म्हणतील?

वकीलबाई

अडलं. तुम्हाला लंडनहून दिसलं नाही. प्रभागात गटार फुटलं तर फोन कुणाला करायचा, हेच लोकांना कळत नव्हतं. सहायक आयुक्त फोन उचलत नाहीत, नगरसेवक उचलायचा, कारण त्याला पुन्हा मतं हवी असायची. आणि हजारो कोटींचे प्रस्ताव एकाच माणसाने मांडायचे नि त्यानेच मंजूर करायचे. सभागृहात ओरडायला कुणी नव्हतं, म्हणून ओरडणाऱ्यांना आवरायला महापौरही नव्हता.

परळकर, महापौर बंगल्याबद्दलही लिहा कधीतरी. शिवाजी पार्कचा तो बंगला बाळासाहेबांच्या स्मारकासाठी गेला आणि महापौरांना राणीच्या बागेतल्या बंगल्यात हलवलं. त्यावर वेगळा धागा होईल.

तिरकस

काढा. भांडायला येतो.